मान हलवली, त्याचं काय?

८ जानेवारी, गुरुवार

ठरलं! सात फेब्रुवारी! ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ लागला की लग्नं नाहीत, त्याच्या आत!

फादर इनासांच्या ऑफिसात दोघं शेजारी शेजारी बसलो होतो, शाळेत हेडमास्तरांनी बोलावल्यासारखे. मुलगी कॅथलिक, मुलगा लिंगायत, म्हणजे बिशपांची परवानगी लागणार. आणि मी वचन द्यायचं — मुलांचा बाप्तिस्मा करीन, त्यांना आपल्या श्रद्धेत वाढवायला माझ्याकडून होईल ते सगळं करीन. फादर म्हणाले, हे राजशेखरलाही नीट कळलेलं असायला हवं. पठ्ठ्या लगेच म्हणाला, "कळलं फादर. माझी हरकत नाही." मी आनंदानं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. तो फादरांचा निघाला!

१० जानेवारी, शनिवार

कारखान्यात टॉवेलच्या डिझाइनमध्ये एक मोर काढायचा होता. मी दोन काढले, चोचीला चोच लावून. साहेब म्हणाले, हे एक्स्पोर्टला चालणार नाही. न चालेना का!

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी.

राजशेखरच्या घरी जेवण, भवानी पेठेत. बाजरीची भाकरी, घोटलेल्या पालेभाजीचा गरगट्टा, शेंगाची चटणी, वर लोण्याचा गोळा. त्याच्या आईनं, काशम्मा काकूंनी, इतकं वाढलं की उठताना भिंत धरावी लागली. त्या मला अव्वा म्हणतात! कानडीत लेकीला लाडानं असंच म्हणतात, राजशेखरनं सांगितलं. मी विरघळले.

मग त्यांनी कपाटातून चांदीची इवलीशी डबी काढली. बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायची, म्हणजे बाळ लिंगायत झालं. म्हणाल्या, "नातवासाठी करून ठेवलीय. माझ्या हातानं बांधीन. चालंल की?"

आणि मी मान हलवली. हो अशी! त्यांचा चेहरा इतका फुलला होता, मानच हलली आपोआप. राजशेखर भाकरीकडे बघत होता.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ घेतला, गोड बोलले, पण मान डोक्यातून जात नाही.

राजशेखरला फोन केला. बाप्तिस्म्याचं तू आईला सांगितलं नाहीस का? म्हणाला, लग्न होऊ दे, मग सांगू की, आईला सवय झाली की सगळं चालतं. किती शांत आहे हा! मी उगाच घाबरते. भित्रा असेल थोडा आईपुढे, पण कोण नसतं? साड्या बघितल्या फोनवर. बावन्न.

१५ जानेवारी, गुरुवार

लग्नाआधीचा वर्ग. आजचा विषय सदसद्विवेकबुद्धी. घ्या!

फादर म्हणाले, मनाला वाटतं ते सगळं विवेकबुद्धी नव्हे. घड्याळ मागं पडलं तरी ते छातीठोकपणे वेळ सांगतं, ते लावून घ्यावं लागतं. प्रार्थनेनं, शास्त्रवचनानं, जाणत्यांना विचारून. हेतू चांगला असला तरी वाईट गोष्ट चांगली होत नाही. माझं घड्याळ तर फक्त राजशेखर राजशेखर असं वाजतं!

वर्ग सुटल्यावर विचारलं, फादर, नुसती मान हलवली तर ते खोटं बोलणं होतं का? म्हणाले, समोरच्याला खोटं खरं वाटावं म्हणून हलवली का? मी म्हटलं, प्रेमानं हलवली. ते हसले. मग तुम्हीच सांगा मी काय करू, म्हटलं. तर म्हणाले, "शिकवायचं ते शिकवलं, मीना. ठरवायचं तुला. तिथं मी आत येऊ शकत नाही."

एरवी आयुष्यभर सांगतात, आज नेमके गप्प!

१६ जानेवारी, शुक्रवार

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हजार खोटं बोलून एक लग्न करावं, अशी कानडी म्हण आहे. म्हटलं, आपण कानडी नाही. म्हणाली, सोलापुरात सगळेच थोडे थोडे असतात.

हसून हसून पोट दुखलं. प्रार्थनेला बसले तेव्हा मात्र दुसरंच दुखत होतं.

१८ जानेवारी, रविवार

मिस्सेत पहिल्यांदा नावं पुकारली! फिलोमिना आणि राजशेखर! कान लाल झाले माझे. अजून दोन रविवार पुकारतील. सगळं चर्च वळून बघत होतं, पुढच्या बाकावरच्या मावशींनी तर डोळा मारला. मी हवेत!

मग फादरांनी नेहमीचं वाक्य वाचलं. या विवाहात कुणाला काही अडचण माहीत असेल तर त्यांनी कळवावी.

लहानपणापासून ऐकतेय. कधी कुणी उठलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं — मला माहीत आहे की! हात वर जायचाच राहिला. ही काही चर्चनं लग्न थांबवावं अशी अडचण नव्हे. पण एक बाई डबी पुसून वाट बघतेय, आणि मला माहीत आहे की ती फसणार आहे. तिच्या हातचं लोणी खाऊन!

ठरवलं. काकूंना उद्या मीच सांगणार. नाही म्हणाल्या तर लग्न मोडेल, हे कळतंय. तरी गंमत म्हणजे आत्ता गाणं म्हणावंसं वाटतंय. भोगीनंतर पहिल्यांदाच मोकळी भूक लागली. राजशेखर चिडेल थोडा. मग लाडात येईल. त्याच्यासाठी अवघड काम मीच करून टाकतेय, भित्रटाला कुठलं जमायला!

१९ जानेवारी, सोमवार

काकूंना सांगितलं. चिडल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "पण लिंग बांधायचं तूच म्हणालीस न्हवं, अव्वा? फादरला भेटून आला त्या रात्री शेखरनंच सांगितलं मला. मीनाचीच हौस हाय म्हणला. म्हणून तर मी डबी केली."

पुढच्या रविवारी नावं पुकारू नका, असं फादरांना कळवलं.