गव्हाची चटक

१४ डिसेंबर

प्रिय दादा,

परवा तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा अजून धरलेलाच आहे आणि ती महिनाभर घराबाहेर पडली नाही, हे वाचून वाईट वाटलं. इकडे ठीक. प्रयोगशाळेच्या खिडकीला नवी काच बसली, त्यामुळे माझी सर्दी एकदाची गेली.

यंदा गव्हात तण औषधालाही सापडत नाही, असं तू लिहिलंस. ‘ठमे, तुझ्या जिवाणूंनी कमाल केली.’ हे वाक्य मी चारदा वाचलं आणि पत्र पालथं घातलं.

फोन करणार होते. पण फोनवर मी गुडघ्याचंच विचारत बसले असते.

तण मारणाऱ्या जिवाणूंची नवी खेप आधी तीन आठवडे गव्हाच्या रोपांवर तपासायची, मगच दाराबाहेर काढायची, असा आमच्या मोठ्या मॅडमचा नियम. तुला दिलेला कॅन मी तपासणीच्या चौथ्या दिवशीच काढला. तुला पेरणीची घाई होती म्हणून नाही रे. मातीत खेळणारी म्हणून तू मला जन्मभर चिडवलंस, एकदा तरी तुझ्यासमोर शहाणं ठरायचं होतं.

आणि त्याआधी जिवाणूंचं नेहमीचं खाद्य संपलं होतं, म्हणून महिनाभर मी त्यांना गहू उकडून घातला. तुझ्याच पोत्यातला. काय जोमात वाढले! मी आपली खूश.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी त्याच खेपेचा ट्रे पाहिला. तण मेलेलं. शेजारचा गहू वरून हिरवागार, पण उपटला तर मुळं तपकिरी, बोटाच्या पेराएवढी, पुढे कुजून गेलेली. त्यांना गव्हाची चटक लागली आहे, दादा.

फवारणीचा पंप तू कालव्यात धुतोस, मला माहीत आहे. खाली किती जणांचा गहू आहे, तेही.

हे मिळताच शेताच्या मधलं एक रोप उपट. मुळं पांढरी असतील तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. तपकिरी असतील तर कालव्याचं दार बंद करायला लाव, बूट बांधावरच काढ, बियाण्याच्या पोत्यांना हात लावू नकोस. खालच्यांना माझं नाव सांग, तुझं नको. मॅडमना मी उद्या सगळं सांगते आहे. मला फार भीती वाटते.

तुझ्या पत्राच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा मातकट ठसा होता. तो मी जिवाणू वाढवायच्या बशीत घासून ठेवला. आज तिथे तेच जिवाणू उगवलेत. तो हिरवट रंग मी झोपेतही ओळखेन.

उत्तर तू लिहू नकोस. वहिनीला लिहू दे, तिने शेतात पाऊल टाकलेलं नाही.

तुझी, मातीत खेळलेली,
ठमी