दोन मिनिटांची धूळ

ता. ४ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय उडवून लावतेस, म्हणून लिहितेय. इथे सिनेमाच्या वर्गात आम्हाला प्रत्येकाला आपापल्या सिनेमाची नुसती सुरुवात करायची आहे. दोन मिनिटांची, एकही शब्द न बोलता. सर म्हणाले, बघणाऱ्याला ‘पुढे काय?’ असं विचारावंसं वाटलं तरच पुढचा सिनेमा करायला मिळेल. बाकीच्यांनी दुसऱ्यांसाठी दिवे धरायचे. मला दिवे धरायचे नाहीत, मावशी.

मला काकांचं चष्म्याचं दुकान हवंय. शटर वर जातं, उजेड आत शिरतो, आणि काचांवर, फ्रेमांवर, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर सगळीकडे धूळ. बस. बेकरीवाल्याला दुकान द्यायच्या आत एक दिवस मला देशील? काका गेल्यापासून तू आत पाऊल टाकलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तू येऊ नकोस, नुसती किल्ली दे. आणि धुळीला कुणी हात लावू नका, ती माझी नायिका आहे.

रागावली नसलीस तर उत्तर धाड.
तुझी भिंगरी

ता. ११ जून

चि. भिंगरीस मावशीचे अ. उ. आ.

तुझी आई चारचौघांत सांगत सुटली की लेक सिनेमा शिकते. मला वाटलं, एखादा देखणा नट घेऊन दारात उभी राहशील. आणलीस कोण, तर धूळ! ती आमच्याकडे न शिकताच होते गं. नायिकाबाई किती वाजता उठतात, चहा घेतात का, तेही कळव.

बेकरीवाला दर रविवारी गरम पाव घेऊन येतो आणि किल्लीचं विचारतो. त्याला सांगितलंय, भाचीचं झालं की घेऊन जा. किल्ली गेल्याचं काही नाही, पाव बंद होईल एवढंच वाईट वाटतंय.

मी येत नाही, तूच ये. पण एक सांगून ठेवते. शाळेत असताना मास्तर फळा पुसायला मलाच उठवायचे. तेव्हापासून धूळ दिसली की माझे हात शिवशिवतात.

तिकडे अंगाची हाडं दिसू देऊ नकोस. माया आहेच, वेगळी लिहीत नाही.
मावशी

ता. १९ जून

चि. भिंगरीस अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. शेजारी कुणी असेल तर त्याला पाण्याचा ग्लास आणायला सांग.

शटर गंजलं असेल, ऐनवेळी तुमची फजिती नको, म्हणून तेल घालायला गेले. नुसतं तेलच घालणार होते. पण वर गेलं ते, आणि मी आत गेले. गल्ल्याशेजारी यांचा स्वतःचा चष्मा तसाच पडलेला, घरी यायच्या घाईत विसरलेला. उचलला, तर खाली चष्म्याएवढीच जागा स्वच्छ. दोन गोल आणि दोन काड्या. बाकी सगळं करडं. त्या एवढ्याशा जागेकडे बघत किती वेळ बसले कोण जाणे. मग वाटलं, बाकीचंही तेवढंच स्वच्छ असायला हवं.

तुझी नायिका मी झाडून टाकली, पोरी. तक्ताही पुसला. आता तू काय ती शिक्षा दे. अंगठे धरून उभी राहीन म्हणाले असते, पण पाठ वाकत नाही.

बोलणं टाकू नकोस. मागाहून ओरड, पण ओरड.
मावशी

ता. २३ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

ओरडायचंच होतं, पण तुझ्या पत्रातल्या त्या दोन गोलांनी आवाज गेला. तरी राग आहेच. दुसरी जागा शोधायला आता वेळ नाही. मी येतेय, मैत्रीण कॅमेरा घेऊन येतेय आणि आम्ही चाळणीने पीठ उडवणार आहोत. तू झाडू लपवून ठेव.

भिंगरी

ता. १० जुलै

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आज वर्गात दाखवलं. पीठ तू बघितलंसच, धूळ न वाटता गिरणी वाटत होती. ते मी सगळं कापलं. ठेवलं फक्त ते, जे आपण ठरवलंच नव्हतं.

शटर वर जातं. दुकान लख्ख. रिकामं. मग काकांचं जुनं गिऱ्हाईक, तो शिंपी येतो, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. दुकान उघडं आहे का हेही न विचारता तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसतो आणि सवयीने एक डोळा झाकतो. मी मैत्रिणीला हातानेच सांगितलं होतं की कॅमेरा थांबवू नकोस. तू मागच्या दारातून येतेस, त्याला बघून थबकतेस. मग खण उघडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढतेस, दोरा सोडतेस आणि स्क्रू पिळतेस. तो चष्मा लावून तुझ्याकडे बघतो. संपलं.

मला वाटलं, आता दिवे धरायचे. मग सरांनीच विचारलं, की पुढे काय होतं? ही बाई दुकान चालवते का? मावशी, सिनेमा मला मिळाला. पण त्या प्रश्नावर मी सांगितलं, विचारून कळवते.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
भिंगरी

ता. १७ जुलै

चि. भिंगरीस अनेक, अनेक उ. आ.

पत्र शेजारणीकडून मोठ्याने वाचून घेतलं. मला वाचता येतं, पण तिला ऐकवायचं होतं. त्या लुगड्यात मी जाड दिसले असेन. आधी सांगितलं असतंस तर दुसरं नेसले असते.

शिंपी परवा बायकोचा चष्मा घेऊन आला. काल त्याची मेहुणी आली. नंबर काढणं माझं काम नाही, ते मी डॉक्टरकडे धाडते. पण स्क्रू, काड्या, नाकावरच्या गाद्या एवढं येतं. यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं काय नुसत्या गप्पा मारल्या?

बेकरीवाला रविवारी आला. त्याला म्हटलं, किल्ली आता रोज लागते. तो पाव ठेवून गेला, परत नेला नाही, भला माणूस आहे.

यांचा चष्मा मी होता तिथेच ठेवलाय. रोज उचलते, खालून पुसते, परत ठेवते.

तुझ्या सरांना सांग, पुढे काय होतं ते मलाही ठाऊक नाही, पण सकाळी शटर मी वर करते. सिनेमा करायला खुशाल ये, हवं तेवढं दुकान घे. धूळ मात्र मिळणार नाही.

मावशी