मोटार नसलेल्या लेकीच्या घरून

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार (कंबर वाकत नाही, म्हणून सध्या कागदावरच. कारण पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? मलम दोन्ही वेळा लावतेस ना? माझ्यामागे ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलावर तू बसते आहेस, हे उपकार मी विसरणार नाही. फक्त शिकायला आलेल्या बायकांना 'कशाला शिकतेस, नवरा आहे की' असं सांगू नकोस. धंदा बसतो.

मी इथे पाहुणचार झोडायला आलेलो नाही, हे तू जाणतेसच. धाकटीला परत न्यायचं, स्कूल तिच्या हाती सोपवायचं आणि आपण मोकळं व्हायचं, यासाठी हा सगळा खटाटोप. तुझ्या भावजयीला तसं छातीठोकपणे सांगून निघालो. इथे येऊन पाहतो तर पोरीच्या दारात मोटारच नाही. म्हणजे बिघडलेली नाही, कुणी नेलेली नाही, मुळातच नाही. तीस वर्षं ज्याने अर्ध्या शहराला मोटार शिकवली, त्याची लेक सायकलवर हिंडते. आपल्याकडे सायकलवाला म्हणजे ज्याचं अजून काही व्हायचं राहिलंय असा माणूस. आपला थोरला मुलगा राहतो त्या देशात तर समोरच्या दुकानातून बिस्किटं आणायलाही मोटार काढतात आणि कुणी पायी दिसला तर गाडी थांबवून विचारतात, काय झालं म्हणून. तो देश मला पहिल्याच दिवशी पटला होता. इथे सगळा उलटा कारभार. धाकटीचा साहेब, हाताखाली दोनशे माणसं, पँटीचा उजवा पाय मोज्यात खोचून सायकलवर येतो आणि तसाच खोचलेला ठेवून मीटिंग घेतो. अशा माणसाला लोक घाबरतात तरी कसे, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या सोमवारी मी बसने तिच्या ऑफिसात गेलो. बस उशिरा येईल, मग पोरीला चार शब्द सुनवू, अशी तयारी मनात करून ठेवली होती. मेली वेळेवर आली. थांब्यावरच थांबली (आपल्याकडे थांबा ही ड्रायव्हरला केलेली नुसती सूचना असते), आणि एका म्हातारीसाठी दाराच्या बाजूने चक्क खाली वाकली. एवढं मोठं वाहन आणि हे लोटांगण! मी तोंड फिरवलं. जागा नेमकी पुढची मिळाली. आता तुला माहीत आहे, स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो आणि माझा उजवा पाय तीस वर्षं त्याच्यावरच नांदला आहे. प्रत्येक वळणावर मी बसची जमीन दाबत होतो. पाचव्या वळणानंतर ड्रायव्हरबाईंनी बस बाजूला घेतली आणि पायाला झटके येतात का, दवाखान्यात सोडू का, असं विचारलं. म्हटलं, बाई, क्लच सोडायची तुमची घाई बरी नव्हे. बसला क्लचच नव्हता.

मग बुधवारी धाकटी म्हणाली, बाबा, मीच नेते. तिच्या सायकलीला पुढे लाकडी पेटी आहे. त्यात इथले लोक भाजी आणि मुलं ठेवतात. तिने मला ठेवलं. गुडघे हनुवटीला टेकलेले, बाप पुढे, लेक मागे, आणि उतार लागला. आडव्या रस्त्याने ट्रक येताना दिसला आणि मी सवयीने ब्रेक दाबला. पाय फळी फोडून बाहेर गेला, बूट रस्त्यावर राहिला. कंबरेचं जे व्हायचं ते तिथेच झालं. पोरीने मात्र आधीच वेग कमी केला होता, हे मी नंतर मान्य केलं (मनातल्या मनात). ऑफिसच्या आवारात साहेब भेटले. त्यांचा एक पाय मोज्यात खोचलेला, माझा एक पाय नुसत्या मोज्यात. त्यांनी आपुलकीने हात मिळवला. मला वाटतं, मी आपल्यातलाच आहे असा त्यांचा समज झाला असावा.

असो. असल्या देशात पोर राहणं शक्यच नाही. ती जवळपास तयार आहे, आठवड्याभरात तिला घेऊन निघतो, असं सर्वांना कळव. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक भाऊ

ता. क. वरचं सर्वांना कळवू नकोस. फुटलेली फळी धाकटी स्वतःच स्क्रू पिळून बसवत होती, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, चल परत, सगळं तुझंच आहे. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमच्या शेजारी बसून मी गाडी शिकले. मी ब्रेक दाबायच्या आत तुमचा दाबून झालेला असायचा. मला गाडी येते की नाही, ते मला अजून माहीत नाही. सायकल येते, ते माहीत आहे." यावर मी स्क्रूड्रायव्हर कसा धरावा ते तिला सांगायला लागलो आणि मग नुसती फळी धरून ठेवली.

ता. क. दुसरा. पत्र खरं याच्यासाठी. स्कूल माझ्यामागे गाडी शिकवणाऱ्या आपल्या सहायकाला द्यावं असं मी ठरवलं आहे, त्याला तसं सांग. आणि तुझ्या भावजयीलाही तूच सांग. मी रोज तिला फोन लावतो, इथल्या हवेबद्दल बोलतो आणि ठेवून देतो. पोरगी येणार नाही, हे मला अजून मोठ्याने म्हणता आलेलं नाही.