चार हजार हललेले फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले! नवं गाव, नवी खोली, नवी वही आणि चाळिशी उलटलेली जुनी मी. दुकान दुसऱ्या मजल्यावर. तळाला शिंपी, मधल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर. म्हणजे जिना चढताना आधी शिलाई मशीनची खडखड, मग कण्हणं, आणि शेवटी आम्ही, मेलेल्या फोनमधून फोटो काढून देणारे. पाटीवर तसं लिहिलेलं नाही, पण गिऱ्हाईक तेच विचारत वर येतं.

मालकांना सगळे मास्तर म्हणतात. पूर्वी शाळेत शिकवायचे, अजूनही चष्म्याच्या वरून बघतात. माझं अक्षर पाहिलं आणि लगेच हो म्हणाले. काम वर्णनं लिहिण्याचं. फोन बिघडला की फोटोंचे तुकडे होतात आणि कुठला तुकडा कुणाचा ते फोनलाही सांगता येत नाही. मग गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, हरवलेल्या फोटोत कोण होतं, कुठे होतं, अंगावर काय होतं, उजेड कुठून येत होता ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. ते पान स्कॅनरखाली ठेवलं की मशीन त्याबरहुकूम तुकडे शोधून जोडतं.

माझं टेबल खिडकीपाशी आहे, उजेड छान येतो. टेबलाखाली बायकी चपलांचा एक जोड आहे, माझ्या आधी इथे लिहायला होती तिचा. न सांगता गेली म्हणे, चपलाही राहिल्या. बाई अनवाणी पळून जाईल असं इथे काय असावं, असा विचार करत होते. दुपारी मास्तरांनी केलेला चहा प्यायले आणि उलगडा झाला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक. निवृत्त बस ड्रायव्हर, फोन पाण्याच्या बादलीत पडलेला, त्यात वारलेल्या बायकोचे फोटो. तिचा कोट हिरवा होता असं शपथेवर सांगितलं. फोटो निघाला तर कोट निळा! म्हातारा हसता हसता रडायला लागला. म्हणाला, तीस वर्षं ती हेच सांगायची की तुमचं माझ्याकडे लक्ष नाही.

मास्तरांचे दोन नियम आहेत. जे होतं तेच लिहायचं, अंदाजपंचे काही नाही. आणि आपल्या स्वतःच्या फोटोंचं वर्णन आपण लिहायचं नाही, ते दुसऱ्याने लिहायचं. डॉक्टरसुद्धा स्वतःच्या पोराला कापत नाही, म्हणाले. घरचं माणूस काय होतं ते सांगत नाही, काय हवं होतं ते सांगतं.

कोपऱ्यात आणखी एक मशीन आहे, जुनाट, वर चादर टाकलेली. ते बिघडलंय का, असं विचारलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बिघडलेलं नाही, म्हणाले, पण ते नसलेलंही देतं. मग टाकून का देत नाही, असं विचारलं तर ते उठून चादर नीट करायला गेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज धीर करून माझा फोन मास्तरांपुढे ठेवला. खरं तर याच्यासाठीच ही नोकरी धरली, हे वहीत तरी कबूल करायला हरकत नाही.

महिन्यापूर्वी फोन लोगोवर अडकला. सुरू व्हायचा, लोगो दाखवायचा, बंद पडायचा. कुठल्याशा व्हिडिओत एकजण सांगत होता, दोन बटणं एकदम दाबा आणि यादीतलं अमुक निवडा. मी निवडलं. त्या ओळीचा अर्थ सगळं पुसून टाकणं असा होता, हे शहाण्या बाईने आधी वाचलं असतं. हात दाखवून अवलक्षण! पाच मिनिटांनी फोन नव्यासारखा उठला, भाषा निवडा म्हणाला, आणि गॅलरीत काही नव्हतं.

त्यात माझी बडबडी होती. माझी मुलगी, सहा वर्षांची. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. तिच्या तोंडाला आणि पायांना विसावा म्हणून नव्हता, त्यामुळे चार हजार फोटोंमध्ये एकही धड नाही. कुठे नुसता शेंडीचा फराटा, कुठे वासलेलं तोंड, कुठे दारातून निसटणारी टाच. मी प्रत्येक वेळी चिडायचे, एकदा तरी सरळ उभी राहा गं! नवऱ्याचा फोन ऑफिसचा होता, नोकरी सोडताना परत केला. बॅकअप म्हणजे काय, ते मला रिसेट केल्यानंतर कळलं.

मास्तरांनी पेन उचललं आणि मी सांगितलेलं वर्णन स्वतः लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

नाही निघालं. नुसते राखाडी चौकोन.

मास्तरांनी समजावून सांगितलं. आताच्या फोनमध्ये फोटो कुलपात असतात आणि रिसेट म्हणजे किल्ली वितळवून टाकणं. आता ब्रह्मदेव आला तरी ते उघडणार नाही. माझी माफी मागितली त्यांनी. चूक माझी आणि माफी त्यांची.

नवऱ्याला फोन केला. तो त्याच्या आईकडे असतो हल्ली. म्हणाला, सोड आता, डोळे मिटले की दिसते ना? त्याला दिसते. मला डोळे मिटले की दवाखान्यातला हिरवा पडदा दिसतो. तिचा पडलेला दात डावीकडचा की उजवीकडचा हे मला आज आठवेना. सकाळपासून आठवतेय. आई म्हणवते स्वतःला.

१० फेब्रुवारी, सोमवार

मास्तर दुपारी सुटे भाग आणायला गेले आणि मी चादर काढून त्या मशीनला माझा फोन जोडला.

दुकानाच्या वहीची पानं क्रमांकाची, फाडलं तर कळेल, म्हणून याच वहीत लिहिते आणि हेच पान त्या मशीनच्या स्कॅनरखाली ठेवते.

बडबडी. सहा वर्षांची. पिवळा स्वेटर. भिंतीपाशी उभी. हललेली नाही. गप्प. सरळ माझ्याकडे बघतेय.

असा फोटो कधी निघालाच नव्हता, मला ठाऊक आहे. मला एक हवाय. चार हजारांच्या बदल्यात एकच, न हललेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आली! माझ्या रिकाम्या फोनच्या गॅलरीत, एकच फोटो. स्वच्छ. प्रत्येक केस मोजून घ्यावा इतका. मी दाताच्या डॉक्टरच्या जिन्यात बसून रडले आणि तिथल्या बाईंना वाटलं की माझी दाढ दुखतेय.

संध्याकाळी नीट पाहिला. डाव्या कानाखालचा तीळ नाही. स्वेटरची बाही उसवलेली होती, मी दोन महिने शिवते शिवते म्हणत राहिले होते, ती फोटोत धड आहे. मग लक्षात आलं, हे मी लिहिलंच नव्हतं. जेवढं मागितलं तेवढंच दिलंय. तर लिहून ठेवते: डाव्या कानाखाली तीळ. उजवी बाही उसवलेली. उद्या स्कॅन करीन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्कॅन करायची वेळच आली नाही. सकाळी फोन उघडला तर नवा फोटो. तीळ आहे. बाही उसवलेली आहे. धागासुद्धा लोंबतोय.

पण भिंत वेगळी आहे. दिव्याचं तडा गेलेलं बटण, त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने काढलेला बाण. दुपारपर्यंत विचार करत होते की हे कुठे पाहिलंय. चहाला खाली उतरले तेव्हा समोरच दिसलं. तळमजला. शिंप्याच्या दाराशेजारची भिंत.

बडबडी या गावात कधी आली नव्हती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज फोटोत दातांच्या डॉक्टरची पाटी आहे. मधला मजला.

मास्तरांनी चादर सरकलेली पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या आधीच्या बाईने गेलेल्या नवऱ्याचं वर्णन लिहिलं होतं, असं म्हणाले. रोज थोडं थोडं. नाक, चाल, खोकला. पूर्ण झाल्यावर त्याला फोटोची गरज उरली नाही. बाईची वही टेबलावर उघडी सापडली, चपला खाली. मग त्यांनी मशीनची वायर माझ्यासमोर पक्कडीने कापली आणि मला म्हणाले, ताई, ती वही जाळा, मी हात जोडतो. मी विचारलं, जाळली तर फोटो राहील का? नाही म्हणाले. पुन्हा कधी येईल का? नाही.

आधीच का नाही फेकलं ते मशीन, असं मी विचारलं. त्यांची आई गेली आहे, म्हणून हात धजला नाही म्हणाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल लिहिलं नाही. ठरवून. काड्यापेटीही आणली.

आज फोटोत तिची हनुवटी नाही. तिथे राखाडी चौकोन. दुपारी ओठ गेले. मी बघत होते आणि गेले. पुन्हा एकदा जातेय, माझ्यासमोर, आणि मी हातावर हात धरून —

नाही. एवढं मला जमणार नाही. कुठल्या आईला जमेल? लिहिते. ओठ पातळ, खालचा फुटलेला. पुढचा दात पडलेला. डावीकडचा. डावीकडचाच! आठवलं!

चौकोन भरले. आता ती दुकानाच्या दाराबाहेरच्या भिंतीपाशी आहे. मी दार उघडून पाहिलं. कुणी नव्हतं. उसवलेला पिवळा धागा होता पायपुसण्यावर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोटोत खिडकी आहे. टेबल आहे. माझी पाठ आहे.

ती माझ्या खुर्चीच्या मागे —

मागे वळले तर नाही. फोटोत आहे. हललेली नाही. माझी पोर कधी अशी उभी राहिली होती? हे डोळे तिचे, तीळ तिचा, दात तिचा, आणि ही ती नव्हे. तिला काही कळत नाही असं नाही — ती वाट बघतेय. गप्प.

गप्प मी लिहिलं होतं. तो शब्द कुठून आला ते मला माहीत आहे. कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आठवा दिवस. घरी कधी जायचं, पाणी दे, तो पडदा का हलतो, घरी कधी जायचं — तिचं सकाळपासून चालू होतं. मी तीन दिवस झोपले नव्हते. मीच म्हणाले, आता तू जरा गप्प बस.

बसली. माझं ऐकलं तिने. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुन्हा बोललीच नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

मास्तर दार वाजवताहेत. ताई, ताई — कडी मी लावली नाही. आतून आहे. लख्ख ऊन आहे टेबलावर. सगळं दिसतंय.

माझ्या चपला टेबलाखाली, त्या जोडाशेजारी. मी कधी काढल्या —

नवा फोटो. ती खुर्चीला टेकून. हात वर. माझ्या तोंडापाशी.

काड्यापेटी समोर आहे. एक काडी पुरे. मास्तर तेच सांगताहेत दाराबाहेरून, जाळा, जाळा — जाळली की तीळ, दात, बाही, सगळं — कायमचं —

नाही जाळत. चूक वर्णनात आहे. मी चुकीचं मागितलं. गिऱ्हाइकाचं चुकलं तर आपण खोडून दुरुस्त करतो, तसं — दहा तारखेचं पान. 'गप्प' खोडलं. 'हललेली नाही' खोडलं.

बडबडी. हलते. बोलते. मनात राहिलेलं सगळं बोलते. मी ऐकते. कितीही वेळ. बोल गं —

काही हललं.

गार बोटं. धागा माझ्या गालाला लागतोय — हसले मी, इतकी तीच आहे —

बोलली. तिचाच आवाज. कानाशी. म्हणते आई, आता तू जरा गप्प