कुंताचं मरण, अंक तिसरा

३ नोव्हेंबर
आजही फिकं वरण! पोळ्याच्या सणानंतर एकदा भांडी घासता घासता कुंताला अटॅक आला. नागपूरला नेलं, नळीत स्टेंट टाकला. तेव्हापासून घरात रोगी एक आणि पथ्य दोघांना. "मी एकटीनंच काऊन खायचं असं?" — हा बायकोचा न्याय.

५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात, पहाटे फिरा. वनखातं म्हणतं, पहाटे बाहेर पडू नका, वाघ आहे! म्हणून ऊन वर आल्यावर आम्ही आठवडी बाजाराच्या रिकाम्या ओट्यांभोवती चकरा मारतो. शेजारच्या बुधरीबाईंनी हटकलं, "काई हरवलं का जी?"
कुंता म्हणाली, "हरवलं नाई बाई, हरवून राह्यलो. या लेखकाचं पोट!"

८ नोव्हेंबर
वडशाहून नाटक कंपनीचे मालक मनसारामभाऊ आले. दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू झाल्यात, गावोगावच्या प्रयोगांच्या तारखा लागल्यात, आणि माझा तिसरा अंक कोरा. उद्यापर्यंत हवा. "आई मारा, लेखक! आई मेल्याशिवाय पब्लिक रडत नाई."
आई म्हणजे कुंता. माझ्या प्रत्येक नाटकात आई तीच करते आणि शेवटी मरते. मी म्हणालो, यंदा दुसरीला घ्या. तेवढ्यात ती चहा घेऊन आली — बिनसाखरेचा, पाहुण्यालाही!
"डॉक्टरले मी विचारलं. स्टेजवर जा म्हणे. मग मराले तुमची परवानगी काऊन लागते?"
मनसारामभाऊ खो खो हसले. मला हसू आलं नाही.

१० नोव्हेंबर
काल अंक दिला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! आईला लेकीकडे धाडली, काशीला धाडली, सगळं खोडलं. कुंतानं खोडलेलंच वाचलं.
"आई काशीले गेली? पब्लिक खुर्च्या फेकन!" मग कागद खाली ठेवून, "तुमी मले फळीवर ठेवून राह्यले जी, काचेच्या बरणीवानी. मी अशी बसून राह्यली तं खरंच मरन."
दुपारी बसलो. एका बैठकीत मारली तिला.

१४ नोव्हेंबर
तालीम. लिहिल्याप्रमाणे तिनं छाती धरायची होती. "असा नसते अटॅक! मले तं जबडा दुखला, मळमळलं. वाटलं, ॲसिडिटी." मग तिनं तसंच करून दाखवलं. जबड्याला हात, दुसऱ्या हातानं भिंत चाचपडणं. हार्मोनियम आपोआप थांबली. ती पडली.
मी स्टेजवर धावलो!
तिनं एक डोळा उघडला. "सरका जी, माहा डायलॉग बाकी हाय."
सगळे लोटपोट. मीही हसलो. नंतर बाहेर जाऊन नळावर बराच वेळ तोंड धूत राहिलो.

१७ नोव्हेंबर
चकरांत आज ती पुढे, मी मागे. दम मला लागला!

१९ नोव्हेंबर
रात्री ती घोरते का, हे मी ऐकत पडलेला असतो. घोरणं थांबलं की कोपरानं ढोसतो. आज वैतागली, "जिती हाय मी! झोपा आता." सोय नाही माणसाला.

२२ नोव्हेंबर
काल पहिला प्रयोग. मांडव गच्च. मी विंगेत. तिसऱ्या अंकात कुंतानं जबड्याला हात लावला, भिंत चाचपडली, आणि पडायच्या आधी विंगेकडे पाहिलं. पडलीच नाही! लेकीचं काम करणाऱ्या भाग्यश्रीचा हंबरडा तोंडातच राहिला.
"रडतं काऊन, माय?" कुंता म्हणाली. "गाडी बोलाव. दवाखान्यात चाल."
मांडवभर शिट्ट्या!
परतताना विचारलं, मरायचा एवढा हट्ट होता, मग ऐन वेळी काय झालं?
"तुमचं तोंड पाह्यलं. मी उठली अस्ती जी — तुमी उठले नसते."