आपलीच कोंबडी, एकतीस रुपयांना

५ नोव्हेंबर १९७२, रविवार

दीनाला श्रीगोंद्याला माझ्या भावाकडे सोडून आलो. सहा वर्षांचं पोर, नुकतंच विषमज्वरातून उठलेलं — तिथं दूध तरी मिळेल. नगरचा डॉक्टर, इंजेक्शनं, मोसंबी, यांत पगार गेले आणि वाण्याची उधारी दोनशेवर चढली. छगनशेठ सरळ म्हणाले, आधीचं फेडा, मग पुढचं न्या.

दीनाच्या उशाशी बसून दोघांनी ठरवलं. यांच्या मास्तरकीच्या पगारातून आधी दुकान, घरखर्च माझ्या शिवणकामावर. नाताळपर्यंत फिटेल, मग पोर घरी. निघताना ती रडली नाही. मीच रडले.

१४ नोव्हेंबर

फोडणीला तेल नाही. चहा गुळाचा, बिनदुधाचा. हे म्हणतात, छान झालाय. खोटारडे!

१८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या चर्चमध्ये हंगामाचा सण. पाऊसच नाही तर हंगाम कसला! तरी रिकाम्या हाताने कसं जायचं? दीनाची तांबडी कोंबडी पाद्रीसाहेबांच्या पाळकीणबाईंकडे गुपचूप नेऊन दिली. उपासनेनंतर देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तेव्हा पाच-सहा रुपयांत परत घेईन. देवालाही मिळेल, कोंबडीही घरी. यांना सांगितलं नाही, उगाच नन्नाचा पाढा लावतील.

१९ नोव्हेंबर

काय लिहू!

आपण दिलेली कोंबडी आपणच मागायची लाज वाटली, म्हणून बायकांत शेजारी बसलेल्या रतनबाईला बोली लावायला सांगितलं. पुरुषांच्या बाजूने आमच्या चर्चमधलाच बन्सी चढवायला लागला. सात, दहा, पंधरा. दुष्काळात याला कोंबडीचं एवढं काय पडलंय? मला ईर्षा चढली. रतनबाई कुजबुजली, "बाई, कोंबडी सोन्याची हाय का?" मी म्हटलं, बोल तू! तिसावर ती घाबरून गप्प बसली. बन्सीने एकतीसला घेतली.

बाहेर आले तर तांबडी यांच्या काखेत. यांनीही बन्सीला पुढे केलं होतं. पोरीची कोंबडी ओळखली आणि राहवलं नाही म्हणे. "मला काय ठाऊक, समोरून तूच आहेस!"

सगळे हसले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

२० नोव्हेंबर

देवाचे पैसे आधी द्यावेच लागतात. दुकानाचा हप्ता हुकला. म्हणजे नाताळला दीना घरी नाही. दोघांत बोलणं नाही.

३ डिसेंबर

भाऊ बाजाराला आला होता. म्हणाला, दीना शहाणी झालीय, काही म्हणजे काही मागत नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

२५ डिसेंबर

नाताळ. राहीबाईने शेजारून करंज्या पाठवल्या. दीनाची बाजूला काढून ठेवली आणि मग आठवलं. हे ताटावरून उठून अंगणात जाऊन उभे राहिले. प्रार्थनेत माझं मन लागत नाही. देवावर राग आहे, खरं सांगायचं तर.

९ जानेवारी १९७३

ब्लाउज शिवायला कुणी टाकत नाही. बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, नवं कापड कोण घेणार! यांनी शिकवणी धरली. माणूस पार वाळलाय. रात्री पाठ चेपून दिली. तेवढंच बोलणं.

४ फेब्रुवारी

फिटलं. छगनशेठने खात्यावर काट मारली. जीव इतका दमलाय की आनंद कुठून आणायचा तेच कळेना.

५ फेब्रुवारी

दीनाला घरी आणलं. अर्धी भाकरी खाल्ली आणि हात धुवायला उठली. अजून घे म्हटलं, तर उभ्या-उभ्याच विचारते, "आई, माझं कर्ज फिटलं का?"

हे म्हणाले, "फिटलं, बाळा."

मग ती परत बसली आणि उरलेली अर्धी मागून घेतली.