शाळेच्या निष्काळजीपणाचे अकरा पुरावे

४ सप्टेंबर
मुलीला शाळेतून काढलं. कायमचं. गुन्हा काय, तर रसायनाच्या बाईंना प्रयोगशाळेत पाऊण तास कोंडलं. पत्र वाचून बायको रडली. मी हसलो. पंधरा दिवसांत अपील करता येतं. शाळेबाहेरची तीन माणसं ऐकणार. म्हणजे शाळेची आता काही खैर नाही! वीस वर्षं लिफ्ट तपासतोय. दोष काढणं हाच माझा धंदा.

५ सप्टेंबर, सकाळी
नियमावली वाचली. समिती दोनच गोष्टी बघते. गुन्हा घडला का आणि शिक्षा जास्त झाली का. पहिलीच चूक असेल तर आधी ताकीद द्यायला हवी, थेट काढता येत नाही. बायको म्हणाली, मग एक पान लिहा, पहिलीच चूक आहे, पोरगी माफी मागते, संपलं. एक पान! मी लिफ्टच्या दाराच्या रबरावर तीन पानं लिहितो. हिला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही.

८ सप्टेंबर
संकल्प : रोज पाच पानं. आज मुखपृष्ठ झालं.

११ सप्टेंबर
मुलीशी तासभर बोललो. बाप म्हणून नाही, मित्र म्हणून. म्हटलं, शाळेत आजवर काय काय केलंस ते सांग, रागावणार नाही. मग सुटलीच. माझ्या खोट्या सह्यांचे रजेचे अर्ज, चाचणीचा पेपर आदल्या दिवशी पाहिला, आगीची घंटा वाजवली. शाळेला यातलं काहीच माहीत नाही. शेवटी रडत म्हणाली, बाबा, तुम्हाला सांगून बरं वाटलं. मलाही वाटलं. एकूण अकरा प्रकार. बसल्या बसल्या टिपून घेतले.

१६ सप्टेंबर
सुचलं! शाळेच्या नाकाखाली अकरा प्रकार घडले आणि एकही पकडता आला नाही. असल्या आंधळ्या शाळेनं शिक्षा करायची? पुरवणी केली, तारखांसकट. मुलीला दाखवली नाही. सरप्राइज. तिनं लिहिलेलं माफीपत्र फाइलमधून काढून टाकलं. फार रडकं होतं, रुबाब जात होता.

१९ सप्टेंबर
ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना अपील दाखल. बेचाळीस पानं. कारकून चकितच झाला. जांभई देत होता, पण आतून चकित.

१ ऑक्टोबर
सुनावणी. मुख्याध्यापकांनी स्वतःच कबूल केलं की मुलीविरुद्ध आधीची एकही तक्रार नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, मग ताकीद का नाही दिली? मुख्याध्यापकांना घाम फुटला. हीच वेळ! मी उठलो. बाई म्हणाल्या, तुम्ही बसलात तरी चालेल. मी बसतोय कसला! अकराच्या अकरा वाचले, आवाज चढवून. मुख्याध्यापक भराभर लिहून घेत होते. भेदरले असणार. मग बाईंनी मुलीला विचारलं, तुला काही सांगायचंय? ती माझ्याकडे बघतच राहिली. अभिमानानं बोलवेना बिचारीला. तिच्या वतीनंही मीच बोललो.

६ ऑक्टोबर
अपील फेटाळलं. म्हणे, एका चुकीसाठी ही शिक्षा जास्त होती, परंतु पालकांनी स्वतःच सादर केलेले अकरा प्रकार पाहता योग्य ठरते. पुरवणी निकालाला जोडली आहे. माझा एक शब्दही बदलायची हिंमत झाली नाही त्यांची.

१४ ऑक्टोबर
दुसऱ्या शाळेनं प्रवेश नाकारला. तिसरीनंही. निकालाची प्रत दाखल्यासोबत जाते म्हणे. दोन्ही शाळांनी पुरवणी पूर्ण वाचलेली दिसली.

१५ ऑक्टोबर
वरच्या समितीकडे जाणार! नवा मुद्दा हवा. रसायनाच्या बाईंना का कोंडलं, हे मुलीला विचारायचं राहूनच गेलं होतं. आज जवळ बसवून विचारलं. तिनं विचारलं, हे कुठे लिहिणार? म्हटलं, कुठेच नाही. ती उठून आत गेली.
बायकोला विचारलं. तिला कारण माहीत आहे. फार वाईट झालं होतं पोरीच्या बाबतीत, एवढंच म्हणाली. पुढचं मला सांगायचं नाही असं दोघींचं ठरलंय.